पार्बताकाकीच्या अंगणातली सोंगं

मागच्या वर्षी ऐन दिवाळीच्या दिवसांत पुण्याहून माझ्या भाचीचा फोन आला. तिच्या सोसायटीत म्हणे हॅलोविन होतं. पोरं भुताखेतांचे कपडे घालून, तोंडाला रंग फासून दारोदार घंट्या वाजवत फिरत होती, आणि तिचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला होता, तो जेवायलाही बाहेर येईना. "मामा, तुमच्याकडे मंडईत सोंगं निघतात ना, तेव्हा कुत्र्यांचं काय करता तुम्ही?" असं तिनं विचारलं. मी मास्तर माणूस. जन्मभर पोरांना प्रश्न विचारले, पण मला कुणी प्रश्न विचारला की माझं डोकं फिरतं. मी म्हणालो, "मी काही करत नाही. करायची ती पार्बताकाकी." मग तिला कुत्र्याला शांत कसं करायचं तेवढं सांगितलं आणि फोन ठेवला. सांगायचं राहिलं ते इथं लिहितो आहे.

आमचं गाव साकोलीहून एकोडीच्या वाटेनं गेलं की आत लागतं. नाव मुद्दाम सांगत नाही. एकदा पेपरवाले येऊन गेले तेवढे पुरे झाले. दिवाळी आटोपली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. पाहुणे येतात, जिलेबी-चिवड्याची दुकानं लागतात, आणि भर दुपारी दंडारीची, म्हणजे नाच-नाट्याची, मंडळी सोंगं घेऊन गल्लोगल्ली नाचत फिरतात. वाघ असतो, राक्षस असतो, साहेब आणि मडमीण असते. आमच्या गावाचं खास सोंग म्हणजे अस्वल. नागझिऱ्याचं जंगल जवळ, त्यामुळे आमच्या लोकांना अस्वलाचं भय पण भारी आणि कौतुक पण भारी.

ही सगळी सोंगं शिवायची पार्बताकाकी. माझ्या घराला लागून तिचं घर, आणि तिच्या घरामागं गाव संपायचं. पुढं भाऊराव नावाच्या शेतकऱ्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मग तलावाची पाळ, पाळीखाली शिंदीचं दाट बन. काकीचा नवरा शिंपी होता. तो लवकर गेला आणि मशीन काकीकडं आली. गावातल्या बायकांचे ब्लाउज आणि पोरांचे शाळेचे ड्रेस ती वर्षभर शिवायची, पण तिचा खरा जीव सोंगांमध्ये. काळ्या घोंगडीवर काळे रंगवलेले तागाचे झुपके टाचून तिनं अस्वल असं केलं होतं की पाठमोरं पाहिलं तर माझ्यासारख्या माणसाचेही पाय थबकावेत.

काकी उंच, हडकुळी, गळ्यात कायम टेप. ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं नाकातून यायचं. चष्म्याची एक काच फुटलेली होती. मी चारदा म्हटलं, काकी, साकोलीला जाऊन काच बदलून आणा. ती म्हणायची, "एका डोळ्यानं सुई दिसते गुरुजी, दुसऱ्यानं माणसं पाह्यतो." गावातल्या माणसांना ती नावानं हाक मारत नसे. जो जे सोंग घ्यायचा तेच त्याचं नाव. भर बाजारात "काहून गा राक्षसा, बायकोची तब्येत कशी आहे?" असं विचारायची, आणि राक्षस बिचारा थांबून सांगायचा.

आणि कुत्री. गावातली आठ-दहा बेवारशी कुत्री तिच्या अंगणात पडून असायची. त्यातला ढोल्या तेवढा तिचा. चिंध्यांच्या टोपलीत कुणीतरी आणून टाकलेलं पिल्लू, अंगानं काडी, म्हणून गमतीनं नाव ढोल्या, म्हणजे जाड्या. पिवळट रंग, एक कान उभा, एक लोंबता. काकी त्याला मात्र "बाबू" म्हणायची. मला कुत्र्यांचा मनापासून तिटकारा. ढोल्यालाही ते माहीत होतं आणि आम्ही दोघं एकमेकांना टाळून राहायचो.

काकीची रीत काय होती ते मला एकदा चांगलंच कळलं. शाळेची स्वच्छतेची फेरी होती आणि हेडमास्तरांनी मला यमराज केलं होतं. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, कोळशानं काढलेल्या भुवया, घोड्याच्या केसांच्या मिशा. फेरी संपवून तसाच घरी आलो तर ढोल्यासकट सगळी फौज माझ्यावर धावली. मी भिंतीला पाठ लावून उभा. काकी ओसरीवरून शांतपणे म्हणाली, "पळू नोका गुरुजी. मिशा काढा."

"काकी, पहिले कुत्रे आवरा."

"मिशा काढा मनतो ना. त्याले पयले माणूस दिसू द्या."

मी मिशा काढल्या. मग मुकुट. मग तिनं तोच मुकुट मला जमिनीवर ठेवायला लावला. ढोल्यानं तो हुंगला, माझा हात हुंगला आणि शेपूट हलवून मोकळा झाला. एवढ्यावर भागलं नाही. काकीनं मला त्याच्या समोर परत मिशा लावायला लावल्या. गल्लीतली पोरं दात काढत होती. पण खोटं कशाला सांगू, मिशा लावलेल्या यमराजाकडं त्यानं पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

हाच तिचा कायदा होता. मंडईच्या दिवशी सोंगांनी आपापल्या घरी सजायचं नाही. साध्या कपड्यांत काकीच्या अंगणात यायचं, कुत्र्यांच्या देखत एकेक कपडा चढवायचा आणि मुखवटा सगळ्यात शेवटी. "कुत्रं नाकानं पाह्यते," ती म्हणायची. "आपण नाकासमोरचं पण पाह्यत नाई." मोठमोठे बाप्ये तिच्या अंगणात चड्डीवर उभे राहून कुत्र्यांना झगे हुंगवायचे. बाहेरगावचे पाहुणे हसायचे, पण आमच्या मंडईत कधी कुत्रं कुणावर धावलं नाही. शेजारच्या गावांत दरवर्षी काही ना काही व्हायचं.

मग श्रावणनं घोळ केला. श्रावण म्हणजे आमचं अस्वल. ट्रॅक्टर चालवतो, अंगापिंडानं दांडगा, मनानं पोरकट. त्या वर्षी त्यानं नागपूरहून रबराचा मुखवटा आणला, उघडा जबडा आणि लाल जीभ असलेला. काकीच्या हातचा कागदाच्या लगद्याचा मुखवटा त्याला जुना वाटायला लागला होता. घरीच सजला, मागच्या कुंपणावरून उडी मारून काकीच्या अंगणात आला आणि झोपलेल्या ढोल्याच्या तोंडाशी जाऊन डरकाळी फोडली. ढोल्यानं त्याच्या पोटरीचा लचका तोडला आणि जो पळाला तो तीन दिवस सापडला नाही. काकी रानोमाळ हाका मारत फिरली. शेवटी रस्त्याखालच्या मोरीत सापडला, अंग आखडून घेतलेला. कुणी फटकाही मारला नव्हता, पण चार महिने तो ताटली पडली तरी लघवी करायचा.

श्रावणनं साकोलीला जाऊन सुया टोचून घेतल्या आणि काकीचे पाय धरले. तो विषय तिथं संपला असता. पण सुखदेव हा मंडई समितीचा अध्यक्ष, नवा नवा झालेला, आणि त्याला आपली मंडई तालुक्यात गाजवायची होती. त्यानं समाजमंदिरात बैठक घेतली. कुत्रं पोत्यात घालून नागझिऱ्याकडं सोडून यायचं, असं त्याचं म्हणणं. सोडून यायचं म्हणजे बिबट्याला द्यायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही समजतं. काकी बैठकीत उभी राहिली, पण तिला बोलता येईना. ओठांत टाचण्या नसल्या की तिला शब्दच सुचत नसत, असं मला तेव्हा वाटलं.

बोलला तो भाऊराव. काकीच्या घरामागच्या बांध्या त्याच्या. गरीब स्वभावाचा, बिडी ओढणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो म्हणाला, "कुत्र्याचा जामीन मी राह्यतो. एक मंडई होऊ द्या. माणसाले पण एक मोका भेटते."

सुखदेवनं अट घातली. पुढच्या मंडईत ढोल्या कुणाला चावला तर सोडाच, एखाद्या सोंगावर नुसता भुंकला तरी दुसऱ्या दिवशी पोतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि ते आजही मला आवडत नाही.

त्या वर्षभरात काकीनं ज्या चिकाटीनं ते कुत्रं घडवलं, तेवढ्या चिकाटीनं मी एकही वर्ग शिकवला नाही, हे मी कबूल करतो. होळीपासून सुरुवात केली. पहिले माझ्या दारात उभं राहून ताटली वाजवायची, हळूच, आणि तिकडं ढोल्याला भाताचा घास. दुसऱ्या दिवशी चार पावलं पुढं. महिन्याभरानं ताटली त्याच्या कानाशी वाजायला लागली तरी तो घासाकडंच पाहायचा. दिवाळीच्या फटाक्यांसाठी तिनं धानाच्या पोत्यांची थप्पी अशी रचली की मधे एक कुत्रं मावेल एवढी जागा राहिली. "धानाचे पोते आवाज खाऊन टाकते," ती म्हणाली. आत तिचं जुनं, न धुतलेलं लुगडं अंथरलं. लक्ष्मीपूजनाला गावात बॉम्ब फुटत होते आणि ती त्या थप्पीला टेकून ब्लाउजला हुक लावत बसली होती. मी डोकावलो तर म्हणाली, "बाबू झोपला. तुमी कायले दचकून राहिले?"

श्रावणला तिनं रोज संध्याकाळी बोलावलं. रबराचा मुखवटा कुत्र्याच्या भाकरीजवळ पडून असायचा. ढोल्या पहिले त्याच्याकडं पाहून गुरगुरायचा, मग लांबून हुंगायचा, मग एक दिवस त्यानं मुखवट्याच्या जबड्यात तोंड घालून भाकर खाल्ली. श्रावणला रडू आलं. एवढा दांडगा माणूस, पण आलं. काकी मात्र खूश नव्हती. मंडई जवळ आली तशी तिची झोप उडाली, मशीनवर हात चुकायला लागला. मला म्हणाली, "गुरुजी, मी त्याले शिकवलं का त्यानं मले बरं वाटावं मनून सोंग घेतलं, हे समजून नाई राहिलं." मी म्हणालो, काकी, कुत्रं एवढा विचार करत नाही. तिनं माझ्याकडं त्या फुटक्या काचेतून पाहिलं.

मंडई आली. सकाळपासून काकीच्या अंगणात सोंगं सजली. ढोल्या दोरीनं बांधलेला, शेजारी काकी. राक्षस झाला, वाघ झाला, मडमीण झाली. श्रावणनं घोंगडी चढवली, मुखवटा चढवला आणि ढोल्यासमोर बसला. ढोल्यानं रबरी जीभ चाटली. सुखदेव दारातून बघत होता. तो तसाच परत गेला. दुपारी दंडार दोनदा आमच्या गल्लीतून गेली, ढोल-ताशे, पिपाण्या, सगळा गोंधळ. ढोल्या कान पाडून बसला, पण तोंडातून आवाज नाही. काकीनं त्याच्या पाठीवरचा हात एकदाही काढला नाही, ते मला माझ्या ओट्यावरून दिसत होतं.

चार-साडेचार झाले असतील. दंडार मैदानाकडं गेली, तिच्यामागं बाकीची कुत्रीही गेली, गल्ली रिकामी झाली. मला वाटलं, सुटलो. मी काकीच्या अंगणात जाऊन बसलो. भाऊराव मागं बांधीत कापलेल्या धानाच्या पेंढ्या सारख्या करत होता. पोट्ट्यांनी कुठंतरी तलावाच्या अंगाला एक मोठा सुतळी बॉम्ब फोडला. ढोल्या दचकला आणि परत बसला. काकीनं त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा दिला.

त्यानं तो खाली पाडला. उभा राहिला. पाठीवरचे केस ताठ झाले. तलावाच्या पाळीकडून, बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, काळं काहीतरी येत होतं, डुलत डुलत, थांबत. श्रावण दमला की पाळीमागं जाऊन बसतो, घोट घेतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला श्रावणच दिसला. काकीलाही श्रावणच दिसला. ढोल्या भुंकायला लागला, आणि ते भुंकणं मी कधी ऐकलं नव्हतं. पहिले पोटातून, मग एकदम वरच्या पट्टीत, आणि भुंकत भुंकत तो मागं सरकत होता.

नेमका त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी सुखदेव दिसला. सोबत दोन पाहुणे होते. मैदानातल्या ढोल-ताशांत त्याला भुंकणं अजून ऐकू गेलं नव्हतं.

मी म्हणालो, "काकी, धरा त्याले. सुखदेव येऊन राहिला."

हे मी म्हणालो. काकीनं पुढं सगळा दोष स्वतःवर घेतला, म्हणून मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

काकीनं दोन्ही हातांनी ढोल्याचं तोंड दाबून धरलं. वरून पदर गुंडाळला आणि त्याला पोटाशी घेऊन खाली बसली. "गप बाबू, श्रावण आहे तो. आपला श्रावण आहे. एक दिवस गप राह्य माह्या बापा." कुत्रं तिच्या मिठीत असं तडफडत होतं की तिचा चष्मा पडला. तिच्या लुगड्यावर त्यानं लघवी केली. सुखदेव दारातून पाहुण्यांना म्हणाला, "हा बघा, हाच तो कुत्रा. आता शहाणा झाला." आणि पुढं गेला.

मागून भाऊरावचा आवाज आला. हसत होता तो. "काहून गा श्रावण, इकडून कुठं? ये, बिडी ओढ."

मी सुखदेवच्या पाठीकडं बघत होतो, तो वळतो का ते. तेवढ्यात गल्लीतून, मैदानाच्या बाजूनं, श्रावण आत आला. अंगावर घोंगडी, मुखवटा काखेत, घामानं भिजलेला. "काकी, पाणी द्या थोडंसं," तो म्हणाला.

काकीनं त्याच्याकडं पाहिलं. मग धुऱ्याकडं पाहिलं. तिचं तोंड मी त्या वेळी पाहिलं, ते मी विसरू शकत नाही. तिनं हात सोडले, दोरी सोडली, आणि ढोल्या गोळीसारखा कुंपणातून गेला. भाऊरावची किंकाळी आणि कुत्र्याचं भुंकणं मला एकदमच ऐकू आलं.

अस्वलानं त्याला खाली पाडलं होतं. आम्ही धावलो, श्रावण घोंगडीसकट धावला, मी पिंपाचं झाकण बडवत धावलो. ढोल्या अस्वलाच्या चहूबाजूंनी फिरून भुंकत होता, जवळ जात नव्हता, लांबही जात नव्हता. माणसांची गर्दी झाली तसं जनावर उठलं आणि शिंदीच्या बनात शिरलं. सुतळी बॉम्बनं तेही बिथरून बाहेर आलं असणार. भाऊरावचा डावा डोळा गेला होता आणि डोक्याची कातडी लोंबत होती. साकोली, भंडारा, नागपूर असं करत तो दोन महिन्यांनी घरी आला. वाचला, एवढंच म्हणायचं.

आता खरी गोष्ट पुढं आहे. आठ दिवसांनी समाजमंदिरात बैठक झाली. सुखदेव खाली मान घालून बोलला, पण चांगलं बोलला. म्हणाला, ढोल्यानं दिवसभर शिस्त पाळली, सोंगावर एकदाही भुंकला नाही, आणि वेळ आली तेव्हा अस्वलामागं धावला. त्याचा विषय बंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊरावची बायको सुमन कोपऱ्यात बसली होती, तिनंही डोळे पुसत टाळी वाजवली. कुत्रं वाचलं. काकीनं एक वर्ष ज्याच्यासाठी जीव टाकला होता ते तिच्या पदरात पडलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं.

काकी उठली. "तो भुंकला होता," ती म्हणाली.

सुखदेव म्हणाला, "काकी, बसा तुमी."

"नाई बसत. तो पयलेच सांगून राहिला होता, का हा श्रावण नाई. मी त्याचं तोंड धरलं. दोन्ही हातानं धरलं. जन्मभर तुमाले सांगत आली, का त्याच्या नाकाले इचारा. आन् माह्यावर वेळ आली तं मी त्यालेच खोटं पाडलं." ती सुमनकडं वळली. "सुमन, तुह्या माणसाचा डोळा माह्या हातानं गेला."

 धरा म्हणणारा मी होतो, हे सांगायला मी उठायला पाहिजे होतं. गुडघ्यावर हात ठेवून अर्धा उठलोही, आणि परत बसलो. पोरांना खरं बोला म्हणून शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि मी बसलो. सुमन उठली, पदर सावरला आणि काकीच्या जवळून, तिच्याकडं न बघता, बाहेर गेली.

भाऊराव आला तेव्हा काकी ढोल्याला घेऊन त्याच्या दारात गेली. मीही मागं होतो. तिनं त्याला सगळं परत सांगितलं. मग मी माझं सांगितलं, उशिरा का होईना. भाऊराव खाटेवर बसला होता, अर्धं डोकं पट्टीत. त्यानं पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तो भुंकतच राह्यला असता काकी, तं मी त्या अस्वलाले श्रावण नसतं समजलं." एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही. काकीनं मान हलवली आणि आम्ही परत आलो. रस्त्यात तिनं मला विचारलं, "तुमी कायले सांगितलं गुरुजी? तुमचं कोणी नाव नव्हतं घेतलं." मी म्हणालो, मला राहवलं नाही. ती म्हणाली, "बरं केलं," आणि माझ्या दारात मला सोडून पुढं गेली.

त्यानंतरही ती सोंगं शिवत होती. फक्त अस्वल शिवलं नाही. श्रावणनं ती घोंगडी स्वतःच जाळून टाकली होती. काकीचं बोलणं कमी झालं. अंगणातली कुत्री रात्रंदिवस भुंकली तरी ती कुणाला गप म्हणत नसे. उठायची, कुंपणाशी जायची, ढोल्या बघतो आहे तिकडं बघत उभी राहायची. बहुतेक वेळा तिथं एखादं मांजर असायचं. कधी काहीच नसायचं. तरी पुरतं पाहिल्याशिवाय ती परत फिरत नसे.

दोन वर्षांनी तिचे डोळे अधूच झाले. सुई ओवता येईना. मुलगी भंडाऱ्याजवळ शहापूरला असते, ती न्यायला आली. तिचं घर महामार्गाला लागून, दिवसरात्र ट्रक, तिथं ढोल्याचा निभाव लागायचा नाही. काकी मला विचारेल असं मला वाटलं आणि मी मनाची तयारी करून बसलो होतो. कुत्र्यांचा तिटकारा असला म्हणून काय झालं. पण निघायच्या दिवशी सकाळी भाऊराव काठी टेकत तिच्या अंगणात आला, मागं सुमन. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. खुंट्याची दोरी सोडली आणि मनगटाला गुंडाळली.

"हा माह्या घरी राह्यल," तो म्हणाला.

काकी खाली बसली. तिनं ढोल्याचं डोकं हुंगलं, आई लेकराचं हुंगते तसं, आणि मुलीचा हात धरून गाडीत बसली. गाडी सुरू झाली तसा ढोल्या भुंकायला लागला. दोरी ताणून, पुढचे पाय उचलून, सगळी गल्ली दणाणून टाकली त्यानं. सुमन त्याला थोपटायला खाली वाकली. तिचा हात त्याच्या तोंडाकडं गेला.

"सुमन, हात काढ," भाऊराव म्हणाला. "बोलू दे त्याले."

गाडीच्या खिडकीतून काकीनं तोंड बाहेर काढलं होतं. तिला आता आम्ही कुणी दिसत नव्हतो. आवाज कुठून येतो आहे तिकडं कान देऊन ती गाडी वळेपर्यंत तशीच बसली होती.